रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरीवर वर्षभर मनन करून लिहिलेला रिव्ह्यू

बायबल वाचनाचे प्लॅन आणि ॲप ढिगाने आहेत, कुठे एका वर्षात पूर्ण बायबल, कुठे चिंतेवर आठवडाभराचं मनन, कुठे रोज एक वचन आणि त्याखाली दोन गोड ओळी. मी ज्याबद्दल लिहितेय ते यातलं काहीच नाहीये. रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी म्हणजे चर्चच्या वर्षाप्रमाणे लावलेला तीन वर्षांचा शास्त्रपाठांचा क्रम, १९९२ साली आलेला, मुळात कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये काढलेल्या क्रमावर आधारलेला, आणि आज मेथडिस्ट, लुथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन असे कितीतरी जण तो वापरतात. बऱ्याच जणांना वाटतं ही पाळकांच्या कामाची यादी आहे, रविवारच्या उपदेशापुरती. पण मी घरी एकटीने मनन करायला हीच वापरली आणि शिष्यत्व शिकायला यापेक्षा चांगला प्लॅन मला तरी अजून सापडलेला नाही.

रचना अगदी सोपी आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी पहिलं वर्ष मत्तयाचं, दुसरं मार्काचं, तिसरं लूकचं, आणि योहानाचे भाग मुख्यतः मोठ्या सणांच्या आसपास तिन्ही वर्षांत पेरलेले. दर रविवारी चार वाचनं, बहुतेक वेळा जुना करार, स्तोत्र, प्रेषितांचं पत्र आणि शुभवर्तमान. २००५ मध्ये यालाच जोडून रोजची वाचनंही आली आणि माझ्यासारखीला खरा उपयोग होतो तो त्यांचाच. गुरुवार, शुक्रवार, शनिवार येणाऱ्या रविवारची तयारी करायची आणि सोमवार, मंगळवार, बुधवार झालेल्या रविवारवर मनन करायचं, म्हणजे उपासनेत ऐकलेलं वचन दाराबाहेर पडल्यावर विसरायची सोयच नाही, पुढचे तीन दिवस ते तुमचा पिच्छा पुरवतं. ज्याने कुणी हे सुचवलं असेल त्याचे मी मनापासून आभार मानते.

वर्षाची सुरुवात जानेवारीत होत नाही, आगमनकाळात होते, नाताळच्या आधीच्या चार रविवारांत. आणि पहिल्याच रविवारी बाळ येशू नाही, गव्हाण नाही, थेट शेवटच्या काळाबद्दलचं वाचन, जागे राहा, तयार राहा! तिन्ही वर्षांत असंच आहे. नवीन माणूस गोंधळेल, पण मला हे फार योग्य वाटतं, कारण आपण वाट कुणाची बघतोय ते आधी ठरलं पाहिजे मग सजावट. मत्तयाच्या वर्षात तर दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात गर्जना करतोय आणि तिसऱ्या रविवारी तोच योहान तुरुंगातून निरोप पाठवून विचारतोय की जो येणार होता तो तूच ना, का आम्ही दुसऱ्याची वाट बघावी. एका आठवड्याच्या अंतराने एवढा भक्कम विश्वास आणि एवढी मोठी शंका, तीही एकाच माणसाची. ज्यांना शंका येते म्हणून आपला विश्वास खोटा आहे असं वाटतं त्यांनी हे दोन रविवार लागोपाठ वाचावेत.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मत्तयाचं वर्ष सगळ्यात भारी आहे, हे माझं मत. पहिल्या रविवारी अरण्यातली परीक्षा, आणि मग योहानाच्या शुभवर्तमानातल्या लांबच लांब कथा एकामागून एक, रात्री लपून आलेला निकदेम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, मेलेला आणि पुन्हा उठवलेला लाजर. ही वाचनं लांब आहेत हे खरं, पण कापून वाचू नका, कारण त्या जन्मांध माणसाला आधी फक्त येशू नावाचा एक माणूस एवढंच माहीत असतं, मग तो त्याला संदेष्टा म्हणतो आणि शेवटी त्याच्यासमोर नमन करतो, हा प्रवास तुकड्यात दिसतच नाही. ईस्टर हा एक दिवस नसून पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) ५० दिवसांचा काळ आहे हेही इथे अंगवळणी पडतं, आणि त्यात दरवर्षी दुसऱ्याच रविवारी शंका घेणारा शिष्य थोमा येतो.

पण मला खरं बोलायचंय ते हिरव्या काळाबद्दल (चर्चमध्ये तेव्हा हिरवा रंग वापरतात म्हणून हे नाव). पेंटेकॉस्टनंतरचे जवळजवळ सहा महिने, ज्यात मोठा सण नाही, म्हणून बहुतेक मननाच्या पुस्तकांत हा भाग उरकून टाकलेला असतो. लेंट आणि आगमनकाळावर पानंच्या पानं, आणि या काळावर काहीतरी जुजबी. लेक्शनरीत मात्र शिष्यत्वाचं सगळं काम इथेच चालतं. मार्काच्या वर्षात सप्टेंबरच्या मध्यात पेत्र येशूला ख्रिस्त म्हणतो आणि लगेच दटावला जातो, मग वधस्तंभ उचलून मागे येण्याची हाक. या उताऱ्याचा दटावण्यापासूनचा भाग लेंटमध्येही येऊन गेलेला असतो (तिथे येशू डोंगरावर तेजस्वी दिसला त्या रूपांतराच्या वाचनाचा पर्यायही दिलाय), पण लेंटमध्ये आपण दुःखसहनाच्या वातावरणात असतो, सप्टेंबरमध्ये ऑफिस, मुलांचा अभ्यास, हप्ते यांत, आणि तिथे ती हाक जास्त अडचणीची वाटते. त्यानंतरचे आठवडे बघा, येशू आपल्या मरणाबद्दल सांगतोय आणि शिष्य वाद घालतायत की आपल्यात मोठा कोण, मग श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो, मग याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूच्या उजवी डावीकडची जागा मागायला येतात. येशू त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? पुढच्याच रविवारी आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला ओरडतोय आणि येशू त्यालाही तेच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? इतके दिवस बरोबर चालणाऱ्यांनी गादी मागितली आणि भिकाऱ्याने दृष्टी मागितली, आणि दृष्टी मिळाल्यावर तो त्याच वाटेने येशूच्या मागे निघाला, जी वाट यरुशलेमला जाते. बायबल उघडून मनाला येईल ते पान वाचणाऱ्याला ही जोडी लागोपाठच्या आठवड्यांत क्वचितच भेटेल. लूकच्या वर्षातही तसंच, जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला नांगराला हात घालून मागे बघणारा, आणि सप्टेंबरात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करणारा.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे निवड माझ्या हातात नाही. माझा मूड कसाही असो, आजचं वाचन ठरलेलं आहे. आपण निवडायला बसलो की आपल्याला सोसवतील तेवढीच वचनं निवडतो, आणि खर्चाचा हिशोब करा असं सांगणारा उतारा कुणी आपणहून काढत नाही.

आता कमतरता, आणि त्या आहेत. शास्ते या पुस्तकातलं रविवारचं एकच वाचन आहे, दबोराचं, बाकी सगळं पुस्तक गायब. गीतरत्न या पुस्तकातलाही एकच उतारा. कुठे कुठे मधली वचनं गाळलेली असतात आणि बहुतेक वेळा ती न्यायाची, रागाची, अवघड वचनं असतात, हे मला पटत नाही, कारण विश्वास अवघड वचनांशी झगडूनच घट्ट होतो. मार्काच्या वर्षात जुलै ऑगस्टमध्ये योहानाचा सहावा अध्याय पाच रविवार चालतो, जीवनाची भाकर, पुन्हा जीवनाची भाकर, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत मननात नवीन सुचणं बंद होतं. पेंटेकॉस्टनंतर जुन्या कराराचे दोन ट्रॅक दिलेत, एक सलग कथा सांगणारा, दुसरा शुभवर्तमानाशी जुळणारा, आणि नवख्याला कोणता घ्यावा तेच कळत नाही. एकट्याने वाचणाऱ्यांनी सलगवाला घ्या, अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा ओळीने समजतात, आणि अधेमधे बदलू नका.

अजून एक, ही फक्त वाचनांची यादी आहे, मनन तयार मिळत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर सगळे संदर्भ फुकट मिळतात पण तिथे इंग्रजी आहे, तेव्हा संदर्भ बघायचे आणि आपलं मराठी बायबल उघडायचं. मी उताऱ्याच्या आधीची आणि नंतरची पाच सात वचनं पण वाचते, गाळलेलं काय ते लगेच कळतं. ज्यांना रोज दोन मिनिटांत दिलासा हवाय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या चर्चमध्ये हीच वाचनं होतात त्यांना दुप्पट फायदा आहे. आणि सुरू करायला आगमनकाळाची वाट बघायची गरज नाही, येत्या गुरुवारी रविवारची वाचनं काढा आणि तिथूनच चालू करा, तीन वर्षांनी तो रविवार फिरून येतोच.