'पूर्ण सेट' म्हणून विकलेला अर्धा स्नो प्लाऊ

स्नो प्लाऊची, म्हणजे पिकअपच्या पुढे लावायच्या बर्फ ढकलणाऱ्या पात्याची, जाहिरात चार ओळींची होती. साडेसात फुटी सरळ ब्लेड, नावाजलेली कंपनी, 'पूर्ण सेट, कुठल्याही फोर्डला बसतो, मागच्या हिवाळ्यापर्यंत चालू', किंमत २,४०० डॉलर. फोटोत ताजा रंग चकाकत होता. डेट्रॉईटच्या उपनगरातल्या एका मराठी कुटुंबाने नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फाच्या आदल्या दिवशी रोख पैसे मोजून तो ट्रेलरवर घालून घरी आणला. गाडी एफ-१५०. आठवड्याभरात कळलं की कामाचं म्हणून हाती आलंय ते पातं, ए-फ्रेम (पात्याला मागून धरणारी लोखंडी चौकट) आणि पंप, एवढंच. चॅसीला लावायचा माउंट भलत्याच गाडीचा होता, वायरिंग मधूनच कापलेलं होतं आणि कंट्रोलर त्या पंपाशी जुळत नव्हता. दुकानदाराने गाडीकडचं सगळं सामान नव्याने बसवायचे १,६०० डॉलर सांगितले. मग गाडीच्या दारावरचं लेबल वाचून त्याने कामच नाकारलं, कारण तेवढं वजन त्या गाडीला झेपणारं नव्हतं. तोवर विक्रेत्याचा फोन बंद झाला होता.

या व्यवहारातलं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे 'पूर्ण सेट' हे शब्द. पिकअपचा स्नो प्लाऊ ही दोन भागांत राहणारी वस्तू आहे. एक भाग अंगणात पडलेला दिसतो. दुसरा कायम गाडीवरच असतो: चॅसीला बोल्टने कसलेला माउंट, बॅटरीपासून पुढच्या बंपरपर्यंत आलेली जाड केबल, हेडलाइट आणि प्लाऊचे दिवे यांची अदलाबदल करणारं मॉड्यूल, त्या गाडीच्या दिव्यांना जुळणारे अडॅप्टर, आणि केबिनमधला कंट्रोलर. विक्रेता जुनी गाडी विकतो, तेव्हा हा दुसरा भाग बहुतेक वेळा गाडीबरोबर जातो किंवा घाईत कापून काढला जातो. उरलेलं पातं मग 'पूर्ण सेट' होतं.

माउंटच्या बाबतीत 'कुठल्याही फोर्डला बसतो' असं काही नसतंच. माउंट गाडीचं मॉडेल, वर्ष आणि कधीकधी इंजिनप्रमाणेही वेगळा असतो. एफ-१५० चा माउंट एफ-२५० ला लागत नाही, आणि गाडीची पिढी बदलली की त्याच नावाच्या गाडीलाही लागत नाही. कंपन्यांच्या जोडणीच्या पद्धतीही एकमेकींत मिसळत नाहीत. वेस्टर्नचा अल्ट्रामाउंट, फिशरचा मिनिट माउंट, बॉसचा आरटी-३, मायरचा ईझी माउंट, प्रत्येकाचे हुक आणि पिना निराळ्या. वेस्टर्न आणि फिशर या एकाच मालकीच्या कंपन्या असल्या तरी एकाचं पातं दुसऱ्याच्या माउंटवर चढत नाही. वापरलेला माउंट हातात आला तर भोकं बघा. कारखान्यात पाडलेलं भोक गोल आणि स्वच्छ असतं. गॅस कटरने वाढवलेल्या भोकाची कड वितळल्यासारखी दिसते, आणि असा माउंट दुसऱ्या गाडीला 'बसवलेला' असतो. तो घेऊ नका. पुढची टक्कर आणि एअरबॅग या गोष्टी माउंटच्या रचनेत धरलेल्या असतात, म्हणूनच त्यावर वेल्डिंग किंवा कापाकापी करू नये असं कंपन्या बजावून सांगतात.

वायरिंगची फसवणूक अजून बारीक असते. फोटोत प्लग दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण प्लग जुळला म्हणजे आतली जुळणी जुळली असं नव्हे. वेस्टर्न-फिशरमध्येच तीन पोर्टचं मॉड्यूल आणि चार पोर्टचं मॉड्यूल असे प्रकार आहेत, त्यानंतरची फ्लीट फ्लेक्स पद्धत वेगळी आहे, आणि फ्लीट फ्लेक्सच्या आधीच्या पद्धतींत सरळ पात्याचा कंट्रोलर व्ही-प्लाऊला (मधे दुमडणाऱ्या पात्याला) चालत नाही. शिवाय गाडीचे हेडलाइट हॅलोजन आहेत की एलईडी, यावर अडॅप्टर ठरतो. चुकीचा लावला की दिवे लुकलुकतात किंवा डॅशबोर्डवर 'बल्ब गेला' असा इशारा येत राहतो. विक्रेत्याकडून मॉड्यूल आणि कंट्रोलर या दोहोंवरच्या भाग क्रमांकाचा स्पष्ट फोटो मागवा आणि तुमच्या गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) सोबत देऊन त्या कंपनीच्या अधिकृत डीलरला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे ती वस्तूच नसते.

आता वजन. इथे फसवणूक वापरलेल्या बाजारातच होते असं नाही. मोठं पातं विकण्यात ज्याचा फायदा आहे, तो 'हाफ-टन गाडीला (एफ-१५० सारख्या हलक्या पिकअपला) साडेसात फुटी आरामात चालतं' असं सहज सांगून टाकतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर पुढच्या अ‍ॅक्सलची कमाल क्षमता पौंडांत छापलेली असते. समजा ती ३,५०० पौंड आहे आणि दोन माणसं बसवून पुढच्या चाकांवर आधीच ३,०५० पौंड येतात. उरले ४५०. पातं ७०० पौंडांचं. विक्रेता म्हणेल, थोडंच जास्त आहे. पण पातं पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकतं, त्यामुळे तरफेचा हिशेब लागतो. दोन अ‍ॅक्सलांमधलं अंतर १२ फूट आणि पात्याचा भारकेंद्र पुढच्या अ‍ॅक्सलपासून ५ फूट पुढे धरला, तर पुढच्या चाकांवर ७०० गुणिले १७ भागिले १२, म्हणजे सुमारे ९९० पौंड वाढतात आणि मागच्या चाकांवरून सुमारे २९० पौंड उचलले जातात. ४५० च्या जागी ९९०! त्यात मागची चाकं हलकी झालेली, म्हणजे बर्फात मागचे ब्रेक आणि पकड दोन्ही कमी.

यासाठी पिकअपच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे वजन ठेवावं लागतं, वाळूच्या पिशव्या किंवा तयार बॅलास्ट. ४०० पौंड जर मागच्या अ‍ॅक्सलपासून दोन फूट मागे ठेवले तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ६७ पौंड सुटतात. एवढंच. म्हणजे बॅलास्ट पकड परत आणतं, पुढचा जादा भार मिटवत नाही. आणि 'पुढे जाड स्प्रिंग टाकून देतो, मग काही प्रश्न नाही' असं कोणी म्हणालं तर ते सरळ नाकारा. स्प्रिंगने किंवा हवेच्या बॅगने गाडीचं नाक वर येतं, लेबलवरचा आकडा तोच राहतो. बॉल जॉइंट, टाय रॉड, व्हील बेअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सल पूर्वीचेच असतात, आणि आधी तेच जातात. हमखास आकडा हवा असेल तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) गाडी तोला. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं.

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर निवडीची साधनं फुकट आहेत. वेस्टर्नचं क्विक मॅच, फिशरचं ई-मॅच. गाडीचं वर्ष, मॉडेल, केबिन, इंजिन भरलं की कोणतं पातं चालेल आणि मागे किती पौंड बॅलास्ट हवं, हे ते सांगतात. दुकानदाराने सांगितलेलं पातं त्या यादीत नसेल तर त्याला तसं लिहून द्यायला सांगा. वापरलेली पिकअप घेताना 'प्लाऊसाठी तयार' असं म्हटलं असेल तर जीएमच्या गाडीत व्हीवाययू आणि फोर्डच्या सुपर ड्यूटीत (एफ-२५० आणि त्याहून मोठ्या पिकअपमध्ये) ४७३ हा पर्याय कोड मूळ विक्रीपत्रकात आहे का ते पाहा.

मापाबद्दल एक गोष्ट विक्रेते कधी सांगत नाहीत. पातं तिरकं केलं की त्याची रुंदी घटते. साडेसात फूट म्हणजे ९० इंच. ३० अंशांत वळवल्यावर उरतात ७८. सुपर ड्यूटीची बॉडीच सुमारे ८० इंच रुंद, म्हणजे चाकं साफ न झालेल्या बर्फावरून जाऊ शकतात आणि तो दाबून टणक करतात. आठ फुटी पातं ८३ इंच साफ करतं. म्हणून तीन-चतुर्थांश टन गाडीला (एफ-२५० सारख्या) आठ फुटी, आणि हाफ-टनला कंपनीच्या यादीतलं हलक्या जातीचं, ही जोडी बरी. दोन गाड्यांच्या गॅरेजसमोरचा साठ फुटी ड्राइव्हवे असेल तर आमचं स्पष्ट मत असं की प्लाऊ घेऊच नये. चांगला दोन-टप्पी स्नोब्लोअर (बर्फ उडवून फेकणारं यंत्र) पुरतो आणि गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल वाचतो.

पातं बघायला जाल तेव्हा ताज्या रंगाला भुलू नका. सात-आठ वर्षं रस्त्यावरच्या मिठावर घासलेलं लोखंड विकण्याच्या आठवड्यात रंगवायचं कारण बहुतेक वेळा रंगाखालीच असतं. ए-फ्रेम आणि पात्याच्या मधल्या मोठ्या पिव्हट बोल्टपाशी बसा. तिथलं भोक अंडाकृती झालंय का, वेल्डवर वेल्ड चढवलाय का, हे बोटाने चाचपा. पुट्टी भरली असेल तर तिथे लोहचुंबक ढिला धरतो. पात्याच्या मागच्या उभ्या फासळ्यांच्या मुळाशी चीर पडते, तिथे टॉर्च मारा. खालची कटिंग एज नवी असताना साधारण सहा इंच उंच असते. ती झिजून बोल्टांपर्यंत आली असेल तर नवी घालायचा खर्च धरा. तशीच वापरलेली असेल तर पात्याचा मूळ पत्राच रस्त्याने खाल्लेला असतो, आणि ते दुरुस्तीच्या पलीकडचं.

हायड्रॉलिक तपासणीत सगळ्यात जास्त लबाडी होते. तुम्ही पोहोचण्याआधी पंप अर्धा तास चालवून गरम केलेला असतो. गरम तेलाने पातं झटकन उठतं, आणि तेच उणे पंधरा अंशांत रांगत उठतं. फोनवरच सांगा, 'पंपाला हात लावू नका, मी थंड बघणार.' तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे, ते थंडीत गोठून व्हॉल्व्ह अडवतं. काही जण गळती लपवायला घट्ट तेल भरतात. प्लाऊला कमी तापमानाचं, कंपनीने सांगितलेलंच तेल लागतं.

मग पातं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवायला लावा. सरळ ठेवलेल्या पात्यात दोन्ही रॅम (पातं वळवणारे हायड्रॉलिक सिलिंडर) अर्धे आत असतात, त्यामुळे दांड्याचा गंजलेला भाग दिसतच नाही. पूर्ण बाहेर आलेल्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवा. नख अडखळलं तर तिथे खड्डा आहे, आणि तो खड्डा नवी पॅकिंगही एका मोसमात फाडतो. दहा वेळा सलग डावं-उजवं करा, शेवटी उचलून दहा मिनिटं सोडून द्या. किंचित खाली येणं चालतं. पातं जमिनीला टेकलं तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळतोय. पंपाची मोटर भार आल्यावर शंभराहून जास्त अँपिअर ओढते, म्हणून याच वेळी केबलच्या टोकांना हात लावा. ती तापत असतील तर आत हिरवा गंज चढला आहे.

हे सगळं एका अटीवर: पातं विक्रेत्याच्या गाडीवर चढवलेलं असलं पाहिजे. 'गाडी विकली, पण चालू होतं' असं म्हणणाऱ्याकडून घेतलेला प्लाऊ भंगाराच्या भावातच घ्यावा.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी. बघण्याआधी अनामत पाठवू नका. झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे परत मिळणं फार कठीण, आणि वादळाचा अंदाज आला की 'दोन गिऱ्हाईकं वाटेत आहेत' ही ओळ सगळीकडे ऐकू येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला काही दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला. तसा इशारा टीव्हीवर असताना कोणी नीट भाव करत नाही. एप्रिल-मेमध्ये घ्या, तपासायला वेळही मिळतो. दुसरं, प्लाऊला गाडीसारखा टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद नसतो, म्हणून तो चोरून विकणं सोपं. सिरीयल नंबरची पट्टी खरवडलेली असेल तर तिथूनच परता. चोरीचा निघाला तर पोलीस तो नेतात आणि तुमचे पैसे जातात.

व्यवहार होऊन गेला असेल तर जाहिरातीचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट लगेच काढा. जाहिरात तासाभरात गायब होते. खासगी विक्री 'आहे तशी' धरली जाते, पण 'पूर्ण सेट' आणि 'चालू' हे लेखी शब्द खोटे होते हे दाखवता येतं. मिशिगनच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयात) दावा वकिलाशिवायच चालतो, तिथे वकील उभाच राहू शकत नाही, त्यामुळे खर्च थोडा असतो. डीलरकडून प्लाऊमध्ये नेमकं काय कमी आहे याची किमतीसह यादी छापून घ्या, न्यायाधीशापुढे तो कागद सगळ्यात उपयोगी. ऑनलाइन फसवणूक असेल तर फेडरल ट्रेड कमिशनकडेही तक्रार नोंदवा. आणि घरी आलेलं पातं रागाने भंगारात देऊ नका. पंप, मोटर, रॅम, ट्रिप स्प्रिंग, कटिंग एज हे भाग सुटे विकले जातात, भाग क्रमांकासह आणि खरं वर्णन करून जाहिरात दिली की जानेवारीत त्यांना गिऱ्हाईक मिळतं.