माको दोन की सेको फाइव्ह?

मराठवाड्यात डायव्हिंगचं घड्याळ कशाला, असं दाजी विचारतातच. पण गावाकडं विहिरीत सूर मारायचा अन् वाळूजच्या कारखान्यात सीएनसी मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, हात घालायचे, तर पाणी आलंच की.

ओरिएंट माको दोन आणि सेको फाइव्ह स्पोर्ट्सचं एसआरपीडी मॉडेल, दोन्ही जपानी ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीवर चालणारी), दोन्हींना हातानंही चावी देता येते, सेकंदकाटा थांबवून वेळ लावता येते. खरा फरक चावीच्या बोंडात. पाणी सोसायचा आकडा बघा: सेको १०० मीटरचं, बोंड नुसतं ओढलं की बाहेर. माको २०० मीटरचं, बोंड आट्यांवर घट्ट बसतं. आमची विहीर काही १०० मीटर नाही, पण बोंड चुकून ओढलं गेलं तर आकडा काय कामाचा!

सेकोचं बोंड चारच्या बाजूला, मनगटाला टोचत नाही, आणि अंधारात काटे जास्त उजळ दिसतात. रात्री वीज आल्यावर मोटार लावणाऱ्याला हे लई महत्त्वाचं. काच दोन्हींची सफायर, म्हणजे सहसा ओरखडा न पडणारी, नाही, तेव्हा ओरखडे पडणारच.

मी माको घेतलं, निळ्या डायलचं. ठिबकमधून खत सोडताना बाहेरची चकती फिरवून वेळ धरतो. ओल्या बोटांना तिची पकड मात्र कमीच.