कुरोमोजी, नोरी आणि बायग्रॅम: काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानी, कोरियन, चिनी मजकूर शोधता यावा म्हणून त्याचे तुकडे पाडणाऱ्या साधनांबद्दल हे लिहिते आहे. आधी निकाल सांगून टाकते. जपानी मजकुराच्या शोधासाठी कुरोमोजी जरूर लावा, पण एकट्या कुरोमोजीच्या भरवशावर राहू नका (अगदी नव्याने सुरुवात असेल तर सुदाची, त्याबद्दल पुढे). तोच मजकूर दुसऱ्या फील्डमध्ये (नोंदीच्या वेगळ्या रकान्यात) बायग्रॅमनेही, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करूनही, इंडेक्स करा (शोधाच्या सूचीत घाला). कोरियनसाठी नोरी बिनधास्त घ्या. चिनीसाठीचा स्मार्टसीएन मी लावून पाहिला आणि काढला. आता सविस्तर.

आमचं काम पुण्यातून चालतं, कागदपत्रं मात्र जपानमधल्या एका यंत्रनिर्मात्याची: मॅन्युअल्स, सर्व्हिस रिपोर्ट, कोटेशन्स, डीलरचे पत्ते. बहुतेक जपानी, थोडी कोरियन, त्याहून थोडी चिनी. सगळं इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रावर. लिहिणारही त्याच प्रमाणात आहे, म्हणजे जपानीवर जास्त.

जपानी आणि चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळा घोळ तिथून सुरू होतो. शब्द कुठे संपला हे शोधयंत्राला कळायला काही खूणच नाही. इलॅस्टिकसर्चच्या पोटातल्या लुसीन या शोध-लायब्ररीचा स्टँडर्ड टोकनायझर (तुकडे पाडणारा भाग) अशा वेळी कांजीचं (जपानीतल्या चिनी अक्षरांचं) एकेक अक्षर सुटं करतो, हिरागाना या उच्चारलिपीचंही तसंच, आणि काताकानाची (मुख्यतः परकीय शब्दांची लिपी) सलग रांग मात्र एकत्र ठेवतो. ‘चालतंय की’ असं पहिल्या दिवशी वाटतं, कारण काहीतरी सापडत असतं. नको ते किती सापडतंय हे नंतर दिसतं.

इलॅस्टिकसर्चच्या ॲनालाइझ एपीआयला एखादी ओळ दिली की तिचे तुकडे कसे पडतात ते दिसतं. तिथे ‘तोक्योतो’ टाकून बघा. तोक्यो महानगराचं हे अधिकृत नाव पत्त्यांत असतंच. तीन कांजी: तो, क्यो, तो. पहिला ‘तो’ आणि शेवटचा ‘तो’ ही अक्षरं वेगळी, आणि शेवटची दोन मिळून होतं क्योतो शहर. स्टँडर्डने तीन सुटे तुकडे दिले. सीजेके (चिनी-जपानी-कोरियन) ॲनालायझर दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करतो, त्याने ‘तोक्यो’ आणि ‘क्योतो’ दिलं. म्हणजे क्योतोमधला डीलर शोधणाऱ्यापुढे तोक्योच्या पत्त्यांचा ढीग. कुरोमोजी ‘तोक्यो’ आणि ‘तो’ असं तोडतो; क्योतो तिथे उगवतच नाही. जपानी शोधावर काम करणाऱ्या सगळ्यांना हा दाखला पाठ असतो. आमच्याकडे पत्त्यांचीच भरताड, त्यामुळे तो रोजचा प्रश्न होता.

कुरोमोजी हे करतो शब्दकोशाच्या जोरावर. वाक्यात बसू शकतील असे सगळे शब्द मांडून तो त्यांचं जाळं करतो. प्रत्येक शब्दाला एक किंमत, शेजारी येणाऱ्या दोन शब्दांच्या जोडणीलाही एक किंमत, आणि व्हिटर्बी अल्गोरिदमने त्यातून सर्वांत स्वस्त वाट काढायची. अटिलिका कंपनीने हा बनवून अपाचेला दिला आणि २०१२ मध्ये लुसीन ३.६ बरोबर तो आला. वेग उत्तम आहे, त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पण आतला शब्दकोश आहे आयपीएडिक, आणि त्याची ही आवृत्ती आहे ऑगस्ट २००७ ची. त्यानंतर जपानीत आलेले शब्द, नवी उत्पादनं, नव्या कंपन्या यांचा त्याला पत्ता नाही. १ मे २०१९ ला रेइवा हे नवं सम्राटपर्व सुरू झालं. जपानी सरकारी कागदांवर वर्ष सहसा या पर्वनावाने लिहितात, आणि मूळ शब्दकोश ‘रेइवा’चे ‘रेइ’ आणि ‘वा’ असे दोन तुकडे करायचा. शेवटी तेवढ्या शब्दासाठी लुसीनमध्ये वेगळा पॅच घालावा लागला.

इथे एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. तुकडे चुकीचे पडले तरी इंडेक्स करताना आणि क्वेरीत ते सारखेच चुकीचे पडले, तर फ्रेज क्वेरीत (तुकडे त्याच क्रमाने सलग असावेत अशा शोधात) बरोबर सापडतं. खरा त्रास होतो तो एकच शब्द दोन ठिकाणी वेगवेगळा तुटल्यावर. वाक्यात शेजारी कोण आहे यावर स्वस्त वाट बदलते. शोधपट्टीत मात्र तो शब्द एकटाच टाइप होतो. मग मजकूर समोर असूनही शून्य निकाल. आमच्याकडे आलेल्या ‘सापडत नाही’ तक्रारींचा मोठा वाटा हा होता. सोबत जपानी शिकलेली एक सहकारी आहे (पुण्यात जपानी येणारी माणसं मिळणं अवघड नाही, हे नशीबच), ती तक्रार आली की आधी विचारते, “वाक्यातून तोडून बघितलंस, की एकटाच शब्द टाकलास?” दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

बायग्रॅमचं दुसरं फील्ड म्हणूनच लागतं. जोड्या संदर्भ बघत नाहीत, त्या कायम तशाच पडतात. मुख्य गुण कुरोमोजीच्या फील्डला, आणि बायग्रॅमवर फक्त फ्रेज क्वेरी, तीही कमी वजनाने. त्यामुळे क्योतो शोधलं की खरे क्योतोवाले वर राहतात आणि तोक्योवाले खाली ढकलले जातात. इंडेक्स फुगतो, पण आमच्या आकाराला ते परवडलं. एकाच कांजीचा शोध, समजा नुसतं ‘पूल’, जोड्यांत सापडत नाही. त्यासाठी सुटी अक्षरंही इंडेक्समध्ये घालणारा आउटपुट युनिग्रॅम्स हा पर्याय चालू करावा लागतो.

कुरोमोजीचा सर्च मोड मला सगळ्यात आवडला. लांब जोडशब्द तो फोडून देतो. ‘कान्साई कोकुसाई कूको’ हा आंतरराष्ट्रीय विमानतळ आख्खाही ठेवतो आणि कान्साई, कोकुसाई, कूको असे तीन तुकडेही देतो, त्यामुळे नुसतं ‘कूको’ शोधलं तरी निकालात येतो. यामागे फार हुशारी नाही: दोनपेक्षा जास्त कांजींच्या शब्दाला दर जादा अक्षरामागे दंड, आणि इतर लिपींत सातपेक्षा लांब शब्दाला दंड, की आपोआप छोट्या तुकड्यांची वाट स्वस्त होते. समानार्थी शब्दांची यादी लावणार असाल तर आख्खा जोडशब्द टाकून देणारा पर्याय चालू करा, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात.

युजर डिक्शनरी हा भाग मात्र जपून हाताळायचा. ओळीत चार रकाने: शब्द, त्याचे तुकडे, उच्चार, शब्दाचा प्रकार. दिसायला सोपं. पण तुम्ही घातलेल्या शब्दाला कुरोमोजी उणे एक लाख किंमत देतो, म्हणजे तो जिथे बसेल तिथे जिंकणारच. समजा कोणी त्यात ‘क्योतो’ घातलं, की ‘तोक्योतो’चे ‘तो’ आणि ‘क्योतो’ असे तुकडे पडायला लागतील, आणि ज्यासाठी कुरोमोजी आणला तेच गेलं. ग्राहकाकडच्या लोकांना दोन अक्षरी संक्षेप यादीत हवे असतात; आम्ही ते घालत नाही, बायग्रॅमवर सोडतो. यादीत जातात ती फक्त लांब, दुसऱ्या शब्दांत न शिरणारी नावं. आणि प्रत्येक बदलानंतर रीइंडेक्स, कारण जुने तुकडे जुन्याच पद्धतीने पडलेले असतात. ही यादी कोणाच्या ताब्यात हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

एकच शब्द अनेक प्रकारे लिहिण्याची जपानी सवय हे वेगळंच प्रकरण. कोटेशनला ‘मित्सुमोरी’ म्हणतात. तो शब्द शेवटचा हिरागाना धरून, एक अक्षर गाळून किंवा नुसत्या दोन कांजींत, तिन्ही प्रकारे लिहिलेला सापडतो, कधीकधी एकाच फाइलमध्ये. कुरोमोजी हे एकत्र आणत नाही. काताकानातल्या ‘साबा’ (सर्व्हर) या शब्दाच्या शेवटी लांबीची रेघ काही जण देतात, काही देत नाहीत. तेवढं मात्र कुरोमोजीचा स्टेमर (शब्दाची शेपटी छाटणारा भाग) निस्तरतो, चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द असेल तर. बाकीच्यासाठी आम्ही समानार्थी यादी ठेवली आहे. सुदाची हा दुसरा जपानी तुकडे पाडणारा या बाबतीत सरळ सरस: त्याच्याकडे शब्दाचं प्रमाण रूप मिळतं, अगदी ‘शुमिरेशोन’ असं चुकीचं लिहिलेलं सिम्युलेशनसुद्धा तो ‘शिम्युरेशोन’कडे आणतो. शिवाय शब्दकोश अद्ययावत होत राहतो आणि तुकडे लहान, मध्यम, मोठे हवे तसे मागता येतात. इलॅस्टिकसर्चच्या आवृत्तीशी जुळणारं प्लगइन दर वेळी शोधून बसवावं लागतं, म्हणून आम्ही अजून तिकडे गेलो नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने सुदाचीपासूनच सुरुवात करावी असं माझं मत.

अर्ध्या रुंदीचा काताकाना जुन्या सिस्टिममधून आलेल्या फाइल्समध्ये हमखास असतो. तो पूर्ण रुंदीचा करायचा तर टोकनायझरच्या आधी, आयसीयू नॉर्मलायझर (अक्षरं एका रूपात आणणारा भाग) कॅरेक्टर फिल्टर म्हणून लावून. नंतर करून उपयोग नाही, तोवर तुकडे पडून गेलेले असतात. आणि पार्ट नंबर कधीच कुरोमोजीकडे देऊ नका. तो अक्षरं वेगळी करतो, आकडे वेगळे करतो आणि मधली आडवी रेघ टाकून देतो. त्यांना स्वतंत्र कीवर्ड फील्ड, म्हणजे तुकडे न पाडता आख्खं ठेवणारं.

कोरियनमध्ये स्पेस असते, पण शब्दाला प्रत्यय चिकटतात, आपल्यासारखेच. ‘पुणे’ शोधल्यावर ‘पुण्याला’ सापडत नाही, तसं ‘सोउल’ शोधल्यावर ‘सोउलएसो’ सापडत नाही. लुसीन ७.४ बरोबर २०१८ मध्ये आलेला नोरी हे प्रत्यय वेगळे करून टाकून देतो, आणि मिक्स्ड मोडमध्ये जोडशब्द आख्खाही ठेवतो, फोडूनही देतो. सर्व्हिस इंजिनिअर मोबाइलवरून रिपोर्ट टाइप करताना स्पेस गाळतात. स्पेस चुकली की ‘बाबा खोलीत जातात’चं ‘बाबा पिशवीत जातात’ होतं, हा कोरियात पोरासोरांना माहीत असलेला विनोद. नोरीही अशा वाक्यांत कधी पिशवीत जातो, पण आमच्या तांत्रिक मजकुरात तक्रार करावी इतक्या वेळा नाही.

चिनीबद्दल थोडक्यात. स्मार्टसीएन फक्त सुलभ लिपीसाठी आहे आणि त्यात स्वतःचे शब्द घालायची सोय नाही. आमच्याकडे तैवानचीही कागदं येतात, त्यामुळे तो बाद. पारंपरिक अक्षरं आधी सुलभ करून घ्यायची आणि त्यावर बायग्रॅम. चिनीत दोन अक्षरी शब्दांचा भरणा असल्याने जोड्यांवर बऱ्यापैकी भागतं. मजकूर जास्त असता तर मी जिएबा हा चिनी तुकडे पाडणारा लावून पाहिला असता.

इलॅस्टिकसर्च परवडत नसेल तर मायएसक्यूएल ५.७ पासून एनग्रॅम पार्सर (ठरावीक लांबीचे तुकडे करणारा) आहे, तुकड्याची लांबी मुळातच दोन. पोस्टग्रेसवाल्यांनी पीजीबिगम किंवा पीग्रूंगा हे जोडभाग बघावेत. एसक्यूलाइटच्या एफटीएस ५ या मजकूर-शोधाच्या भागातला ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांचा) टोकनायझर घेताना मात्र थांबा: तीन अक्षरांपेक्षा लहान शोध त्यात जुळतच नाही, आणि क्योतो दोनच अक्षरांचं आहे.