मुलगा हळू वाचतो, ॲपला तो 'ढ' वाटतो

हे अभ्यासाचं ॲप सहा महिने वापरून मग लिहितेय. मुलगा दहा वर्षांचा, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचणं-लिहिणं जड जातं. मी मुद्रितशोधक, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून एकही काढायची नाही.

ध्वनींचे खेळ मात्र झकास जमलेत. डिस्लेक्सियाची गोम डोळ्यांत नसते, शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते, हे बनवणाऱ्यांना नीट ठाऊक आहे. "'कमळ'मधला 'क' काढला, काय उरलं?" "मळ!" चिरंजीव दहा मिनिटं हसून लोळत होते. धडा ऐकताना त्या त्या शब्दाखाली पिवळा पट्टा सरकतो, आवाजाचा वेगही कमी करता येतो. हे आम्ही रोज वापरतो.

जाहिरातीतला 'खास फॉन्ट' तीन दिवसांत बंद केला. अशा फॉन्टने वाचनाचा वेग वाढतो असं अभ्यासांत ठोस काही दिसलेलं नाही, आम्हालाही दिसलं नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवणं त्यापेक्षा कामाचं. २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या अभ्यासात त्याने वेग आणि अचूकपणा दोन्ही सुधारले होते. पण ती रोमन लिपी. इथे तेच बटण जसंच्या तसं देवनागरीला लावलंय. शिरोरेषा तुटते आणि 'पावसाळा'चे चार तुकडे होतात. पोराने 'पाव' वाचला, थांबला, मग विचारलं, "साळा म्हणजे?" शेवटी अक्षरं होती तशी ठेवली, दोन शब्दांमधली जागा आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. ओळ सुटणं बरंच कमी झालं.

खरी तक्रार 'अडॅप्टिव्ह', म्हणजे मुलाच्या उत्तरांप्रमाणे पातळी बदलणारं, या शब्दाबद्दल आहे. ज्वालामुखीचा धडा होता. शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका म्हणून वर येतो, हे त्याने मला उशा रचून दाखवलं होतं. ॲपवर प्रश्नाला ३० सेकंद. प्रश्न वाचून होईतो वेळ संपला, तोही दोनदा. तिसऱ्याला 'लाव्हा'ऐवजी 'लावा' लिहिलं, चूक. लगेच ॲपने पातळी 'जुळवून' घेतली: 'ससा पळतो. कोण पळतो?'

"आई, ह्याला मी बाळ वाटतो का गं?"

अहो, धडा तोच ठेवा की! प्रश्न ऐकवा, उत्तर बोलून देऊ द्या, घड्याळ काढा. माइकचं बटण ॲपमध्ये आहे, पण ते फक्त गाण्यांच्या विभागात. 'लावा' दुरुस्त करायचा मला पगार मिळतो, तरी विज्ञानाच्या उत्तराला त्यापायी शून्य मीही देणार नाही.

घड्याळ बंद करता येतं, पण पालकांच्या खात्यात, सेटिंग्जच्या पार तळाशी. आणि बंद केलं तरी उतरलेली पातळी आपोआप चढत नाही, आधी सशाचे चाळीस प्रश्न सोडवा. कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: 'आपल्या पाल्याला अधिक सरावाची गरज आहे.'

ध्वनींच्या खेळांसाठी घ्यायचं तर घ्या आणि पहिल्याच दिवशी ते घड्याळ बंद करा. विज्ञान आम्ही तिथून काढून घेतलंय. मी मोठ्याने वाचते, तो उत्तरं फोनवर रेकॉर्ड करतो. पाचपैकी अडीच तारे, त्यातला एक त्या पिवळ्या पट्ट्याचा.