टीपी-लिंक ईआर६०५: नेट तुटू नये म्हणून घ्या, वेग वाढावा म्हणून नको

ईआर६०५ हा एकाच वेळी दोन नेट कनेक्शनं जोडता येणारा राउटर. आधी एक गैरसमज दूर करू. १०० एमबीपीएसचं फायबर आणि ५० चं एअरफायबर (मोबाइल टॉवरवरून येणारं घरचं नेट) या राउटरला जोडलं, तर एकच फाइल १५० च्या वेगाने उतरणार नाही. हा डबा कनेक्शनांची बेरीज करत नाही, वाटणी करतो: एक सेशन (एखादी साइट किंवा ॲप उघडल्यावर होणारी जोडणी) या लाइनवर, दुसरं त्या लाइनवर. घरात चार-पाच जण एकाच वेळी ऑनलाइन असतील तर फरक जाणवतो, एकट्याला फारसा नाही.

खरा उपयोग एक लाइन बंद पडल्यावर कळतो. त्यासाठी लोड बॅलन्सिंगपेक्षा (दोन्ही लाइनवर वाटणी) लिंक बॅकअप बरा: फायबर मुख्य, एअरफायबर राखीव, मोड फेलओव्हर, म्हणजे मुख्य बंद पडली की राखीव चालू. लाइन बदलताना पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा तुमचा पत्ता) बदलतो, त्यामुळे चालू व्हिडिओ कॉल अडखळतो आणि व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) पुन्हा जोडावं लागतं. हे गृहीतच धरा.

बहुतेकांची गाडी अडते ती आयपी पत्त्यांवर. दोन्ही नेट कंपन्यांनी दिलेले डबे (मोडेम) १९२.१६८.१.१ वर असले तर राउटर गोंधळतो. एकाचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. ईआर६०५ स्वतः १९२.१६८.०.१ वर असतो, तोही कुणाशी जुळता कामा नये.

दुसरी अडचण ऑनलाइन डिटेक्शनची, म्हणजे लाइन चालू आहे का हे राउटर कसं तपासतो त्याची. फायबर रस्त्यात तुटली तरी कंपनीच्या डब्यापासून राउटरपर्यंतची केबल जोडलेलीच असते. ऑटो मोड त्या लाइनचाच डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) तपासतो आणि तो पत्ता अनेकदा खुद्द कंपनीच्या डब्याचाच असतो, म्हणून मेलेली लाइन जिवंत वाटू शकते. मॅन्युअल निवडून एका लाइनला ८.८.८.८ आणि दुसरीला १.१.१.१ हे बाहेरचे पत्ते पिंगसाठी (उत्तर येतं का ते बघायला) द्या.

लोड बॅलन्सिंगच हवं असेल, तर प्रत्येक वॅनची (नेटची लाइन लावायच्या पोर्टची) खरी बँडविड्थ केबीपीएसमध्ये भरा, १०० एमबीपीएस म्हणजे १००००० (मूळ आकडे तसेच ठेवले तर वाटणी चुकते). ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग (एका कामाच्या सगळ्या जोडण्या एकाच लाइनवर ठेवणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर नेटबँकिंग मध्येच लॉगआउट करेल. तरीही कुरकुर राहिली, तर पॉलिसी राउटिंगने (कोणतं उपकरण कोणत्या लाइनवर हे ठरवणारा नियम) ऑफिसचा लॅपटॉप एकाच लाइनला बांधून टाका.

यात वायफाय नाही. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) म्हणून वापरा: त्याचा आयपी बदला, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅनमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टमध्ये) लावा. बाहेरून सीसीटीव्ही बघायचा असेल तर दुहेरी नॅट (कंपनीचा डबा आणि हा राउटर दोघांनीही पत्ते बदलणं) आडवं येतं, तेव्हा फायबरचा डबा ब्रिज मोडवर (नुसता सिग्नल पुढे देणारा) घालून पीपीपीओई, म्हणजे कंपनीचं लॉगिन, ईआर६०५ मध्ये भरावं लागेल. युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीने लाइनला दिलेला क्रमांक) आधीच मागून ठेवा, कस्टमर केअरवर ते चटकन मिळत नाहीत.

दोन्ही लाइन एकाच खांबावरून येणाऱ्या फायबर असतील तर मात्र पैसे वाया. आणि वीज जाते तिथे मिनी यूपीएस घेताना बघा: हा राउटर ९ व्होल्टवर चालतो, कंपन्यांचे डबे बहुधा १२ वर. दोन्ही व्होल्टेज देणारा घ्या आणि अडॅप्टरवरचे आकडे वाचूनच पिना लावा.