मतदार यादीतलं नाव नागपुरात न्यायचं की गावातच ठेवायचं? नागपूर आणि रामटेक लोकसभेची तुलना

नागपूर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत. शहरातले सहा मिळून नागपूर लोकसभा होते, आणि काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक या सहांची रामटेक लोकसभा. नकाशात पाहिलं तर रामटेकनं नागपूरला चारही बाजूंनी वेढलेलं दिसतं. नरखेड, पारशिवनी, मौदा, भिवापूरकडचं पोरगं शिकायला किंवा कंपनीत लागून नागपुरात येतं, खोली घेतं, पण मतदार यादीतलं नाव गावातच राहून जातं. निवडणूक तोंडावर आली की घरात दोन तट पडतात. बाप म्हणतो नाव हलवू नको. खोलीवरचे मित्र म्हणतात इकडं आणून टाक, ऐन एप्रिलच्या उन्हात एसटीचे धक्के कोण खाईल?

आधी कायदा पाहून घ्या, कारण पुष्कळांचा प्रश्न तिथंच मिटतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकतं, तेही माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं. गावात नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावर तिथला रहिवासी ठरत नाही, सातबाऱ्याची तर गोष्टच सोडा. उलट काही दिवस बाहेर राहिलं म्हणून गावचं राहणं तुटलं, असंही कायदा म्हणत नाही. दोन्हीकडे नाव ठेवायच्या नादात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे बायको-लेकरांसह नागपुरात बिऱ्हाड थाटलेल्याला निवड अशी उरतच नाही, त्यानं नाव न्यावं. होस्टेलवर किंवा खोली करून शिकणाऱ्याला मात्र निवडणूक आयोगानं मोकळीक दिली आहे. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम असेल, तर आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा राहत्या पत्त्यावर, कुठंही नोंदणी करता येते. राहत्या पत्त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो. आणि सोमवार ते शनिवार बुटीबोरी-हिंगण्यात शिफ्ट करून रविवारी वावरात जाणारेही बरेच आहेत, त्यांचं घर नेमकं कुठं हे त्यांनाच ठरवावं लागतं. पुढची तुलना मुख्यतः या दोघांसाठी.

नागपूरची जागा जुनी आणि नावाजलेली. पहिल्या निवडणुकीत अनसूयाबाई काळे काँग्रेसकडून निवडून आल्या तेव्हा हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १९५६ साली राजधानी गेली आणि त्याचा सल मतपेटीतून बाहेर पडला. १९६२ मध्ये बापूजी अणे अपक्ष म्हणून जिंकले, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून. दोघंही वेगळ्या विदर्भाचे खंदे पुरस्कर्ते. १९७७ ला देशभर काँग्रेस आडवी झाली तेव्हा नागपूरनं गेव्ह आवारींना आणि रामटेकनं जतिराम बर्वेंना काँग्रेसकडूनच दिल्लीला पाठवलं. १९८० मध्ये धोटे पुन्हा आले, पण यावेळी इंदिरा काँग्रेसकडून.

आज नागपूर म्हटलं की संघ आणि भाजप हेच समीकरण डोळ्यांपुढं येतं. संघ १९२५ पासून इथं आहे, पण भाजपला लोकसभेची ही जागा पहिल्यांदा मिळाली ती थेट १९९६ मध्ये, तीही काँग्रेसमधून आलेल्या बनवारीलाल पुरोहितांमुळे. पुढच्या चारही निवडणुका, १९९८ ते २००९, काँग्रेसच्या विलास मुत्तेमवारांनी मारल्या. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली ते हे शहर, उत्तर नागपूरची विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव, हलबा-कोष्टी विणकरांची वस्ती मध्य नागपुरात. एकाच रंगात रंगवता येईल असं हे गाव कधीच नव्हतं. २०१४ पासून नितीन गडकरी आहेत. त्यांचं मताधिक्य २०१४ ला सुमारे २ लाख ८५ हजार होतं, २०१९ ला नाना पटोलेंविरुद्ध २ लाख १६ हजार झालं आणि २०२४ ला विकास ठाकरेंविरुद्ध १ लाख ३७ हजारांवर आलं. उतरती कळा म्हणा, पण सव्वा लाखाच्या वरचा खड्डा तुमच्या एका मतानं भरत नाही, हे मान्य करूनच इथं नाव आणा.

रामटेकचा इतिहास मला जास्त गमतीचा वाटतो. ही जागा पाहुण्यांची. १९८४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव तेव्हाच्या आंध्रातल्या हनमकोंड्याला हरले आणि रामटेकमधून जिंकले. १९८९ लाही इथूनच आले. आमचा खासदार पंतप्रधान झाला, हे इकडची म्हातारी माणसं अजून छाती फुगवून सांगतात. प्रत्यक्षात १९९१ च्या जूनमध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा रामटेकचे खासदार नव्हते. ती निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती, पुढं नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत गेले. दत्ता मेघे १९९१ ला नागपूरचे खासदार झाले, १९९६ ला रामटेकचे आणि १९९८ ला वर्ध्याचे. पुरोहितांनी १९९९ ला भाजप सोडून इथं काँग्रेसकडून हात आजमावला, तर शिवसेनेच्या सुबोध मोहितेंनी त्यांना पाडलं. तेच मोहिते २००४ ला पुन्हा निवडून आले, मग पक्ष सोडून काँग्रेसकडून पोटनिवडणुकीला उभे राहिले, आणि २००७ मध्ये लोकांनी सेनेच्याच प्रकाश जाधवांना निवडून दिलं. पक्ष बदललेला उमेदवार इकडच्या मतदाराला चालतोच, असा समज असेल तर हे दोन निकाल पाहावेत.

२००९ पासून रामटेक अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बुलढाणा खुलं झाल्यावर काँग्रेसचे मुकुल वासनिक इकडं आले आणि १६-१७ हजारांनी निसटते जिंकले. २०१४ ला शिवसेनेच्या कृपाल तुमानेंनी त्यांना पावणेदोन लाखांनी हरवलं, २०१९ लाही सव्वा लाखाहून जास्त फरकानं तेच आले. २०२४ ला पक्षानं तुमानेंना घरी बसवलं आणि उमरेडचे काँग्रेस आमदार राजू पारवे यांना शिंदेंच्या सेनेत आणून उभं केलं. काँग्रेसच्या रश्मी बर्वेंचा अर्ज जात पडताळणीच्या वादात बाद झाला, ऐनवेळी त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उमेदवार झाले आणि सुमारे ७७ हजारांनी जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा झाली तर याच सहा जागांपैकी उमरेड सोडून पाचही महायुतीकडे गेल्या. सहा महिन्यांत इतकं पारडं फिरवणारा मतदार आहे हा. २०२४ च्या लोकसभेला इथं सुमारे ६१ टक्के मतदान झालं, नागपुरात ५४ टक्के.

खासदार कशासाठी लागतो, याचं उत्तरही दोन्हीकडे वेगळं आहे. शहरात मेट्रो, उड्डाणपूल, सिमेंटचे रस्ते यांची चर्चा. केंद्रातला वजनदार मंत्री खासदार असल्याचा फायदा नागपूरला झाला, हे विरोधकही खाजगीत नाकारत नाहीत. रामटेकात एकाच मतदारसंघात काटोल-नरखेडचा संत्रा, मौदा-रामटेकचा धान, उमरेडचा कोळसा, मनसरचं मँगनीज आणि कोराडी-खापरखेड्याची राख. इथली मोठी भांडणं बहुतेक दिल्लीपर्यंत जाणारी. पेंच प्रकल्पाच्या पाण्याचंच घ्या. नागपूरकर जे पाणी पितात त्यातलं बरंचसं पारशिवनी तालुक्यातल्या नवेगाव खैरीहून येतं, आणि त्याच प्रकल्पाच्या कालव्यावर धानाचा कास्तकार डोळे लावून बसतो. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं. प्रश्न दोन राज्यांचा, म्हणजे खासदाराचा. खोलीतल्या नळाला पाणी आलं नाही की तुम्ही नगरसेवकाला शिव्या घालता, त्याच वेळी गावात बाबा कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट पाहत असतात. या एका प्रश्नावर तुमचं मत कुठल्या टोकाला जास्त कामाचं, हे ज्याचं त्यानं पाहावं. मला विचाराल तर रामटेकच्या.

आता लोकसभा बाजूला ठेवा, कारण खरा फरक खाली आहे. नाव हलवलं की फक्त खासदार बदलत नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच निघतात. गावातून नाव गेलं की थेट सरपंचाचं मत गेलं, आणि उद्या ग्रामपंचायत लढवायचं मनात आलं तर तेही गेलं. गावच्या वॉर्डात दहा-पंधरा मतांवर निकाल लागतो. म्हणून तर ग्रामपंचायतीच्या वेळी गाडी पाठवून पोट्ट्यांना नागपूरहून आणलं जातं आणि लोकसभेच्या वेळी कोणी फोनही करत नाही. शहरात त्या बदल्यात महापालिकेच्या प्रभागाचं मत मिळतं. एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक निवडायचे, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्यातल्या एकाचंही नाव ठाऊक असलं तरी खूप झालं.

यादी तपासायला येणारी बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) ताई बहुतेक गावातलीच अंगणवाडी सेविका नाही तर शाळेतली शिक्षिका असते. ती दारात उभी राहून आईला विचारते, "पोरगं नागपूरलेच रायते ना आता? मंग नाव कापू का?" आई गोंधळून काहीतरी सांगते. नाव ठेवायचं ठरवलं असेल तर शिक्षण चालू आहे, सुट्टीत घरीच असतो, हे नीट सांगायला आईला आधीच शिकवून ठेवा.

माझा कौल असा. शिकत असाल तर नाव गावात ठेवा, मतदानाच्या दिवशी गावी जा. लोकसभेची जागा इकडं जास्त हलती आहे आणि सोबत सरपंचाचं मत हातात राहतं. नोकरीवाल्यांना मतदानासाठी भरपगारी सुट्टी कायद्यानं मिळते, तेव्हा प्रवासाची सबब फार ताणू नका. पण नागपुरात बिऱ्हाड केलं, पोरांची शाळा इथं, राशन कार्ड इथं, तर गावच्या राजकारणाच्या ओढीनं नाव अडकवून ठेवू नका. तुमच्या रोजच्या गटारीचं, दिव्याचं मत मग कोणीच देत नाही.

बदल करायचा तर अर्ज क्रमांक ८ भरायचा, ६ नाही. ६ हा पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. तो भरला की जुनं नाव तसंच राहतं आणि दुबार नोंदीचं झेंगट मागं लागतं. अडचण आली तर १९५० या क्रमांकावर फोन करा. पदवीधर असाल तर त्या यादीचा यात संबंध नाही. ती वेगळी, दर वेळी नव्यानं अर्ज क्रमांक १८ भरून होते, आणि गाव काय शहर काय, दोन्ही नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघातच येतात.

अर्ज भरण्याआधी नवा पत्ता मात्र नीट तपासा. वाडीत खोली घेतली तर ती हिंगणा विधानसभेत, बेसा-बेलतरोडीत फ्लॅट घेतला तर तो कामठीत. टपालाच्या पत्त्यावर नागपूर लिहिलेलं असलं तरी दोन्ही ठिकाणी खासदार रामटेकचाच राहतो.