वनशास्त्र की संवर्धन जीवशास्त्र?

खानापूर-बेळगावकडची पोरं प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली की पुढं काय शिकायचं म्हणून हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात. संवर्धन जीवशास्त्र म्हणजे जीवजाती आणि त्यांची राहायची ठिकाणं टिकवण्याचं शास्त्र. दोन्ही वाटा डेहराडूनलाही जातात, त्यामुळे घरापासून लांब जायची कुरकुर बाजूला ठेवू.

नोकरीचं म्हणाल तर वनशास्त्राचं पारडं जड, हे आधीच कबूल करतो. संवर्धनाच्या अभ्यासक्रमांना जागा मोजक्या, आणि नंतर या प्रकल्पावरून त्या प्रकल्पावर दिवस काढायचे. "पगार कायमचा आहे का?" असं कुणी विचारलं की मी आजही चाचरतो.

तरी मी संवर्धनाकडं वळलो, ते एका बेहड्याच्या झाडापायी. एका शिबिरात आम्ही झाडं मोजत होतो: छातीच्या उंचीवर घेर, मग लाकडाचे घनमीटर. एका म्हाताऱ्या बेहड्याला मोठी ढोली होती. तक्त्यात त्याच्यापुढं ‘सदोष’ लिहायला सांगितलं. आता धनेश पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. आयत्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून फळं भरवत राहतो. म्हणजे धनेशाला नेमकं जे झाड हवं, तेच कागदावर निकामी! कारण लहान आहे, मान्य. आता वनशास्त्रातही अशी झाडं राखायला शिकवतात म्हणे. पण ‘सदोष’ हा शब्द डोक्यातून गेला नाही.

आमच्या खानापूरकडच्या भीमगड जंगलातल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ घ्या. कित्येक वर्षं ते जगात तेवढ्याच ठिकाणी माहीत होतं. पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. तिथं घेर कशाचा मोजणार? गुहेत माणसं कधी आणि किती शिरू द्यायची, हा प्रश्न. तोही पुरती माहिती हाती नसताना सोडवायचा. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८५ मध्ये संवर्धन जीवशास्त्राला संकटकाळचं शास्त्र म्हटलं, ते याचसाठी. मला तरी त्यात जास्त जीव वाटतो.

एक गोष्ट मात्र मला तरी कुठल्याच वर्गात कुणी शिकवली नाही. भीमगड अभयारण्य झालं २०११ मध्ये. हेमाडगा, तळेवाडीची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून आत राहत आलेली. वनखात्याचा कागद कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत, आणि गव्यांनी भात तुडवल्याचं गाऱ्हाणं आजी मराठीत सांगणार. तेव्हा प्रवेश कुठंही घ्या, निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीत कन्नड लिहायला शिका.